हिअरिंग म्हणजे नुसता तमाशाच असतो का? नणंदेने तिथे जाऊन बोलावं का?

पत्र असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

ताई, आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत राहतो. माझ्या नणंदेची मुलगी पंधरा वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिचा साधा हसरा फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकून त्याचा घाणेरडा खोटा फोटो बनवला आणि तो मुलांच्या ग्रुपमध्ये फिरवला. आम्ही घरातल्या सगळ्यांनी रिपोर्ट केला, उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही. पोरीने शाळा बदलली. अजूनही तो कुठेतरी फिरत असेल या भीतीने रात्री उठून फोन बघत बसते. आता एका पालकांच्या ग्रुपने नणंदेला विचारलंय की आपल्या राज्याच्या विधिमंडळात या विषयावरच्या बिलाची हिअरिंग, म्हणजे कमिटीसमोरची जाहीर सुनावणी, आहे, तुम्ही येऊन दोन शब्द बोलाल का. ती मला विचारते, वहिनी जाऊ का गं. मी तिला फेसबुकच्या झुकरबर्गने उभं राहून आईबापांची माफी मागितली तो व्हिडिओ दाखवला, आम्ही दोघी रडलो. पण माझा धाकटा दीर, म्हणजे तिचाच भाऊ, स्वतः एका मोठ्या टेक कंपनीत इंजिनिअर आहे. तो म्हणाला वहिनी, हा सगळा तमाशा असतो, सिनेटर कॅमेऱ्यासमोर ओरडतात आणि घरी जातात, ताईला तिथे नाचवू नका. आणि घरच्या ग्रुपवर सिनेटर कसे वेड्यासारखे प्रश्न विचारतात त्याच्या चार-पाच क्लिप टाकल्या. मी चिडून लिहिलं की तुझा पगार तिथून येतो म्हणून तुला असं वाटतं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. मला दोन गोष्टी सांगा. या हिअरिंगने खरंच काही होतं का? आणि नणंदेने जावं का?

आता माझं उत्तर.

आधी तुझ्या भाचीचं बोलते, हिअरिंगचं नंतर, कारण हिअरिंग पुढच्या महिन्यातही असेल पण पोरगी आज रात्री पुन्हा उठणार आहे. अमेरिकेत एनसीएमईसी नावाची संस्था आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी, तिची ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सोय आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठीच ती केलेली आहे. तिथे फोटो कुणाला पाठवायचा नसतो, आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो, मग त्यांच्याकडे तसा फोटो सापडला की त्यांना काढता येतो. सगळं इंटरनेट त्याने साफ होत नाही, पण रात्री तीन वाजता नुसतं फोन चाळत बसण्यापेक्षा हातात काहीतरी असतं. आणि ‘टेक इट डाउन’ याच नावाचा एक कायदाही आहे, 19 मे 2025 ला त्यावर सही झाली. एआयने बनवलेले खोटे फोटोसुद्धा त्यात येतात, असा फोटो टाकणं हा आता फेडरल गुन्हा आहे, आणि नीट तक्रार आली की कंपनीने 48 तासांत तो काढायचा. कंपन्यांना ही सोय उभी करायला एक वर्ष दिलेलं, म्हणजे 19 मे 2026 पर्यंत. तुमचा रिपोर्ट मागच्या वर्षीचा होता ना? तो पुन्हा करा, आणि या वेळी त्या कायद्याचं नाव लिहून करा.

आणि एक, हे फार जपून वाच. तो फोटो पुरावा म्हणून कुणालाही फॉरवर्ड करू नका. वकिलाला नाही, पालकांच्या ग्रुपला नाही, आमदाराच्या ऑफिसला तर अजिबात नाही. अल्पवयीन मुलीचा तसा फोटो पाठवणं हाच कायद्याच्या कचाट्यात येणारा प्रकार होऊ शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी. पोलीस किंवा एनसीएमईसीची सायबर टिपलाइन, बस, या दोनच जागा.

आता हिअरिंग.

तुझा दीर चुकीचं बोलत नाहीये. तुला हे आवडणार नाही पण त्याने ज्या क्लिप टाकल्या असतील त्या बहुतेक मला न बघता सांगता येतील. एप्रिल 2018, केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण, फेसबुकवरच्या 8 कोटी 70 लाख लोकांचा डेटा त्या बाहेरच्या कंपनीकडे गेलेला, झुकरबर्ग पहिल्यांदा सिनेटसमोर बसलाय आणि सिनेटर हॅच विचारतात की लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा, आणि तो म्हणतो सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो. मग डिसेंबर 2018, गुगलचे सुंदर पिचाई आलेत आणि एक खासदार त्यांना आयफोनबद्दल विचारतोय, आणि पिचाई शांतपणे सांगतायत की आयफोन दुसरी कंपनी बनवते. मार्च 2023, टिकटॉकचे शौ झी च्यू, त्यांना विचारलं जातंय की तुमचं अ‍ॅप घरच्या वायफायला जोडतं का. आणि जानेवारी 2024 ची ती, सिनेटर कॉटन त्याच च्यूंना पुन्हा पुन्हा विचारतायत तुम्ही चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मेंबर होतात का आणि तो माणूस पुन्हा पुन्हा सांगतोय की मी सिंगापूरचा आहे. हे सगळं खरंच घडलंय. आणि एक इंजिनिअर माणूस हे बघून म्हणाला की या लोकांच्या हातात कायदा द्यायचा? तर त्याचं काय चुकलं.

त्याहून वाईट गोष्ट क्लिपमध्ये येतच नाही, ती म्हणजे घड्याळ. प्रत्येक मेंबरला साधारण पाच मिनिटं. 2018 च्या त्या दिवशी 44 सिनेटर होते, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि समोर बसलेल्या माणसाला त्याच्या वकिलांनी हेच शिकवलेलं असतं की प्रश्नाबद्दल आभार माना, लांबड लावा, आमची टीम तुम्हाला नंतर कळवेल म्हणा, की मिनिटं गेली. मग चिडलेले मेंबर हो की नाही एवढंच सांगा म्हणून ओरडायला लागतात, जे 2021 च्या मार्चमध्ये झालं, आणि त्याने काहीच कळत नाही, कारण ज्या प्रश्नाला खरंच हो किंवा नाही असं उत्तर असतं तो प्रश्न बहुतेक वेळा महत्त्वाचा नसतो.

आणि अजून एक. ऑक्टोबर 2020 ला ट्विटरचा डॉर्सी, झुकरबर्ग, पिचाई तिघं सिनेटच्या कमिटीसमोर होते तेव्हा एक पक्ष विचारत होता तुम्ही आमच्या पोस्ट का काढता, दुसरा विचारत होता तुम्ही खोट्या पोस्ट का काढत नाही. म्हणजे आरोपी तेच आणि गुन्हे एकमेकांच्या उलटे. अशा खोलीतून कायदा कसा बाहेर येणार? 1996 च्या त्या 230 कलमाला, लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरत नाहीत ते कलम, दोन्ही पक्षांनी किती वर्षं शिव्या घातल्या, पण ते बदलायचं कसं यावर एकमत नाही म्हणून ते जवळपास आहे तसंच आहे. तेव्हा दीराला सांग की हे तुझं मला पटलं. खरंच सांग. त्याला हे ऐकायची गरज आहे.

पण.

कॉटनची ती क्लिप आणि तुझा माफीचा व्हिडिओ एकाच दिवसाचे. तुम्ही दोघांनी एकच दिवस बघितलाय, त्याने त्यातल्या हसण्यासारख्या क्लिप बघितल्या आणि तू रडण्यासारखी. मी 31 जानेवारी 2024 ची ती हिअरिंग पूर्ण बघितलीय, जवळपास चार तास, मध्ये एकदा उठले फक्त. मागे आईबाप बसलेत, हातात मुलांचे फोटो, ती मुलं आता नाहीत. पुढे पाच कंपन्यांचे प्रमुख, मेटा (फेसबुक आणि इन्स्टाग्राम जिचं आहे ती), टिकटॉक, स्नॅप, एक्स, डिस्कॉर्ड. त्यातल्या तिघांना तर समन्स काढून आणावं लागलं. सिनेटर हॉलीने झुकरबर्गला डिवचलं की या लोकांची माफी मागितलीस का, आणि तो उठून वळला आणि बोलला. मला त्या क्षणी वाईट वाटलं, आणि त्या आईबापांसाठी अजूनही वाटतं. पण त्या माफीने काही बदललं का, तर नाही. माफी हा त्या दिवसातला सगळ्यात कमी कामाचा भाग होता असं माझं ठाम मत आहे, आणि तू नणंदेला तोच भाग दाखवलास, म्हणून म्हणते की जरा थांब.

कामाचा भाग वेगळा होता आणि तो कागदावर होता. त्याच हिअरिंगच्या सुमाराला सिनेटर ब्लुमेंथल आणि ब्लॅकबर्न यांनी मेटाच्या आतल्या ईमेल बाहेर काढल्या, निक क्लेग, म्हणजे कंपनीचाच मोठा अधिकारी, 2021 मध्ये झुकरबर्गला लिहितोय की मुलांच्या सुरक्षेवर आणि वेलबीइंगवर काम करायला जास्त माणसं द्या. म्हणजे त्या खुर्चीत बसून आम्ही मुलांची काळजी घेतो असं सांगणाऱ्या माणसाला त्याच्याच घरातून काही वर्षं आधी सांगितलं गेलं होतं की काळजी पुरेशी घेतली जात नाहीये. याची क्लिप व्हायरल होत नाही गं, ईमेलला चेहरा नसतो ना. पण पुढे कुणी कोर्टात गेलं की उपयोगाला ही ईमेल येते. मागून लेखी पाठवली जाणारी उत्तरं पण तशीच. 2018 च्या हिअरिंगमध्ये झुकरबर्ग जिथे जिथे म्हणाला की टीम कळवेल, तिथे कमिट्यांनी लेखी प्रश्न पाठवले, आणि जूनमध्ये हाउसच्या, म्हणजे सिनेटबरोबरच्या दुसऱ्या सभागृहाच्या, कमिटीला फेसबुककडून 747 पानं आली. त्या पानांमध्ये निघालं की बाकीच्या कंपन्यांना लोकांचा डेटा देणं बंद केल्यावरसुद्धा 60 च्या आसपास कंपन्यांना तो काही काळ चालू ठेवला होता. हे त्या दोन दिवसांच्या टीव्हीवरच्या गोंधळात कुणाला कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी जुलै 2019 मध्ये एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं आणि धंद्यातल्या स्पर्धेचं बघणाऱ्या सरकारी संस्थेने, फेसबुकला 5 अब्ज डॉलरचा दंड लावला. तो दंड हिअरिंगमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, चौकशी वेगळी चालू होती, पण काहीच होत नाही हे पण खरं नाही.

आणि कागद हातात आले की जिंकलोच असंही समजू नकोस, मी तुला खोटी आशा लावणार नाही. जुलै 2020 मध्ये झुकरबर्गच्या 2012 च्या ईमेल त्याच्याच समोर वाचून दाखवल्या, इन्स्टाग्राम विकत घेताना तो प्रतिस्पर्ध्याचा काटा काढण्याबद्दल काय लिहीत होता त्या. सगळ्यांना वाटलं आता संपलं. एफटीसीने केस केली, पाच वर्षं चालली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मेटा जिंकली.

तंबाखूचं उदाहरण लोक नेहमी देतात, तुझ्या ग्रुपवर पण कुणीतरी देईल, म्हणून ते नीट माहीत असू दे. 14 एप्रिल 1994, सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख हात वर करून शपथ घेतात आणि एकेक जण सांगतो की निकोटीनचं व्यसन लागतं असं मला वाटत नाही. तो फोटो अजून दाखवतात. त्या दिवशी त्यांचं काहीच बिघडलं नाही. खोटी साक्ष दिली म्हणून नंतरही कुणावर खटला उभा राहिला नाही. पण शपथेवर बोललेलं वाक्य रेकॉर्डवर राहिलं, आणि मग आतले कागद बाहेर यायला लागले की यांना कधीपासून माहीत होतं, आणि 1998 मध्ये 46 राज्यांशी 200 अब्ज डॉलरच्या वरचा समझोता झाला, आणि सिगारेटवर एफडीएचा, म्हणजे औषधं आणि खाद्यपदार्थ बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, ताबा यायला 2009 उजाडलं. पंधरा वर्षं! तुझी भाची तोपर्यंत तीस वर्षांची होईल. म्हणून मी म्हणते की हिअरिंगने काही होतं का याचं उत्तर हो आहे, पण तिच्या शाळेच्या वयात होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. शिवाय तंबाखू आणि हे सारखं नाही, सिगारेट हे भाषण नाही आणि पोस्ट हे भाषण आहे, त्यामुळे इथे प्रत्येक कायदा फर्स्ट अमेंडमेंटच्या, म्हणजे घटनेतल्या बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या, दारात जाऊन अडतो. मुलांच्या सुरक्षेचं ते मोठं बिल, कोसा, जुलै 2024 मध्ये सिनेटमध्ये 91 विरुद्ध 3 ने पास झालं, आजकाल असे आकडे दिसतात का कधी, तरी हाउसमध्ये त्या टर्मला ते मतदानाला आलंच नाही. त्याला विरोध करणारे सगळे कंपन्यांचेच लोक होते असं नाही बरं का, एसीएलयूसारख्या नागरी हक्कांच्या संस्थांनाही भीती होती की मुलांच्या नावाने उद्या कुणीही सरकार नको ती माहिती दाबेल. ही भीती मला फालतू वाटत नाही. नणंद ज्या बिलावर बोलणार आहे ते बिल तिने आधी स्वतः वाचावं, हेच त्याचं कारण. पालकांचा ग्रुप चांगला असेल, पण बिलात काय लिहिलंय ते बघूनच पाठिंबा द्यावा.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते. तुम्ही सगळे चुकीच्या खुर्चीकडे बघताय. हिअरिंग म्हटलं की सीईओ. पण सीईओ त्या खोलीत येतो तो काही न सांगण्याची तयारी करून येतो, त्याच्याकडून काही मिळायचं नसतंच. जी हिअरिंग खरंच काही हलवते ती बहुतेक वेळा दुसऱ्या खुर्चीमुळे, जिथे कंपनी सोडून आलेला माणूस बसतो किंवा ज्याला लागलंय तो बसतो. फेसबुक सोडून आलेली फ्रान्सिस हॉगन ऑक्टोबर 2021 मध्ये आली ती कागदांचा ढीग घेऊन आली, आणि त्यात इन्स्टाग्रामचाच रिसर्च होता की तीनातल्या एका टीनएजर मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असेल तर आम्ही ते अजून वाढवतो. कंपनीच्याच स्लाइडवर कंपनीच्याच शब्दांत.

आणि मग आर्तुरो बेहार. या माणसाबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय कारण तो तुझ्या दीरासाठी आहे. हा फेसबुकमध्ये इंजिनिअरिंग डायरेक्टर होता, 2009 ते 2015, लोकांच्या सुरक्षेचंच काम करायचा. नोकरी सोडली. मग त्याची स्वतःची मुलगी चौदा वर्षांची झाली, इन्स्टाग्रामवर गेली, आणि तिला अनोळखी पुरुषांचे घाणेरडे मेसेज यायला लागले, आणि तिने रिपोर्ट केले तर काही होत नव्हतं. ओळखीचं वाटतंय ना? तो परत कंपनीत सल्लागार म्हणून गेला, तिथे मुलांनाच विचारून केलेल्या सर्व्हेतून कळलं की 13 ते 15 वयाच्या दर शंभरातल्या 13 जणांना मागच्या सात दिवसांत, सात दिवसांत गं, नको असलेली लैंगिक लगट सहन करावी लागली होती. त्याने हे झुकरबर्गला ईमेलने कळवलं, आणि तारीख बघ, 5 ऑक्टोबर 2021, ज्या दिवशी हॉगन सिनेटसमोर बोलत होती त्याच दिवशी. मग 7 नोव्हेंबर 2023 ला तो स्वतः सिनेटच्या सबकमिटीपुढे बसला. तो ओरडला नाही, कंपन्या बंद करा असं पण म्हणाला नाही. एका इंजिनिअरने बोलावं तसं बोलला, की मुलांना सांगायला साधं बटण नाहीये की हा माणूस मला त्रास देतोय, ते बटण द्या, मुलांना नियमित विचारा की तुमच्याबरोबर काय झालं, आणि आलेले आकडे छापा.

दीराला हा व्हिडिओ पाठव. क्लिप नको, पूर्ण. सिनेटच्या कमिटीच्या वेबसाइटवर त्यांच्या सगळ्या उघड हिअरिंगचे व्हिडिओ आणि लेखी टेस्टिमनी (साक्ष) असतात, तिथून घे, म्हणजे कुणी कापलेला तुकडा बघितला असं होणार नाही.

आणि आता तुझ्या त्या पगारावरच्या मेसेजबद्दल, कारण मला वाटतं तुला तो आतून खटकतोय म्हणूनच तू हे सगळं पत्र लिहिलंस. तो त्या पोरीचा मामा आहे. रिपोर्ट केला आणि नियमांचं उल्लंघन नाही असं उत्तर आलं तेव्हा घरात एकच माणूस असा होता की ज्याला आतून माहीत होतं ते उत्तर कसं तयार होतं, किती मशीनचं असतं आणि किती कमी माणसांचं. त्याच्या कंपनीचं ते नसेलही. पण धंदा तोच. तो तमाशा तमाशा म्हणतोय त्यातलं थोडंसं मला असं ऐकू येतंय की माझ्या भाचीसाठी मी काहीच करू शकलो नाही, आता बहिणीला लोकांसमोर उभं करून अजून एकदा काही झालं नाही तर ते मला बघवणार नाही. मी चुकीची असू शकते, मी त्याला ओळखत नाही. पण ‘ताईला तिथे नाचवू नका’ हे वाक्य कंपनी वाचवणाऱ्या माणसाचं वाटत नाही मला, भावाचं वाटतं. तू त्याला फोन कर, मेसेज नको, आणि पगाराचं बोलले ते चुकलं माझं एवढंच म्हण. त्याला लगेच बेहारचं सांगायला जाऊ नकोस, ते दोन दिवसांनी.

नणंदेने जावं का. माझं उत्तर जावं असंच आहे, पण तिच्याआधी एका व्यक्तीला विचारायचंय आणि तिला अजून कुणी विचारलेलं तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. भाचीला विचारलंत का? तिच्या फोटोचं एकदा तिला न विचारता झालं, आता तिच्या गोष्टीचं तिला न विचारता होऊ नये. राज्याच्या हिअरिंगचे व्हिडिओ बहुतेक ठिकाणी नेटवर जातात आणि तिथेच राहतात. आईचं नाव आणि चेहरा त्यात दिसला की नव्या शाळेतल्या मुलांना जोडून घ्यायला कितीसा वेळ लागणार. तिला हे सगळं सांगा, नुसतं आई जाऊ का असं विचारू नका, त्याला ती हो म्हणेल कारण आईला नाही म्हणवत नाही. आणि ती नको म्हणाली तर तो विषय तिथेच संपला, कुणी समजूत काढायची नाही, मामाने नाही, मामीने पण नाही.

नको म्हणजे काहीच नको असं नसतं मात्र. बऱ्याच राज्यांत लेखी टेस्टिमनी पाठवता येते, पण ती सुद्धा बहुतेक वेळा सगळ्यांना वाचायला मिळते, म्हणून कमिटीच्या क्लार्कला किंवा बिल आणणाऱ्या सदस्याच्या ऑफिसला आधी फोन करून विचारायचं की नाव न छापता घ्याल का, आणि जे सांगतील ते ईमेलवर लिहून मागायचं. ही ऑफिसं फोन उचलतात, लोकांना उगाच वाटतं की आपल्याला कोण विचारतंय. किंवा पालकांच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी आमच्या ओळखीतल्या एका मुलीबद्दल म्हणून ते वाचावं, शाळा नाही, गाव नाही, वर्ष नाही.

आणि ती हो म्हणाली तर तयारी करून जा. नणंदेला बहुतेक दोन-तीन मिनिटं मिळतील, घंटा वाजली की माइक बंद. एवढ्या वेळात सगळी गोष्ट सांगायला जाशील तर रडण्यातच संपेल, आणि रडण्याने खोली हलते पण दुसऱ्या दिवशी स्टाफर, म्हणजे सदस्याच्या ऑफिसातला माणूस, बिलाचा मसुदा घेऊन बसतो तेव्हा त्याला त्यातून काही घेता येत नाही. त्याला काय घेता येतं? आम्ही अमुक तारखेला रिपोर्ट केला, इतक्या तासांनी उत्तर आलं, उत्तरात हे शब्द होते, पुन्हा विचारायला माणूस मिळाला नाही, आणि तुमच्या बिलाच्या अमुक कलमात ही एक ओळ असती तर आमचं उत्तर वेगळं आलं असतं. टेक इट डाउनचा कायदा झाला तेव्हाही टेक्सास आणि न्यू जर्सीतल्या शाळकरी मुली आणि त्यांच्या आया पुढे येऊन आपल्याबरोबर काय झालं ते बोलल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं की फोटो काढून टाकायला कंपनीला मुदत घाला. तो 48 तासांचा आकडा कायद्यात बसला आणि हाउसमध्ये 409 विरुद्ध 2 मतं पडली. कोसासारखं सगळं एकदम मागणारं बिल अडकलं आणि एक गोष्ट मागणारं पार झालं, यावरून नणंदेने काय मागायचं ते तू तिच्याशी बसून ठरव.

आता ती ‘एक ओळ’ कोणती, हे तुम्हाला दोघींना लिहिता येणार नाही, मलाही येणार नाही. रिपोर्टचं बटण दाबल्यावर आत काय काय होतं, कुठे माणूस बघतो, कुठे बघत नाही, कंपनीला काय करणं सोपं आहे आणि काय अवघड आहे म्हणून ती नुसती सबब सांगते, हे तुमच्या घरात एकालाच माहितीये. त्याच्या नोकरीचे नियम असतील, आतलं गुपित त्याने सांगू नये आणि तुम्ही मागू पण नका, त्याचं नाव कुठेच येऊ देऊ नका. पण बाहेरच्या कुठल्याही इंजिनिअरला कळेल एवढं तो नक्की सांगू शकतो. दोन दिवसांनी बेहारचा व्हिडिओ त्याने बघितला की नणंदेचा कच्चा कागद त्याच्यासमोर ठेव आणि विचार की यात तुला काय चुकीचं वाटतं. तो चुका काढेल, खूप काढेल, काढू दे.

तारखा शोधायला आजच बसा, जुन्या ईमेल, रिपोर्टचे स्क्रीनशॉट (फोटोचे नाही, फक्त उत्तरांचे), शाळेला केलेले फोन. आणि तो कागद लिहून झाला की कमिटीच्या आधी भाचीला वाचायला द्या, तिला जी ओळ नको असेल ती तिने स्वतःच्या हाताने खोडू दे.